बिनविरोध गावातला एक अर्ज

बीदरच्या कॉलेजात मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आणि त्या तीस वर्षांत माझ्या स्वतःच्या गावात पंचायतीसाठी एकदाही मत दिलं नाही. आळस म्हणून नव्हे. तशी वेळच आली नाही. कन्नड मुलखात, निंबर्ग्याच्या पलीकडं असलेल्या आमच्या मराठी बोलणाऱ्या गावात पंचायत दर वेळी बिनविरोध व्हायची. मुदत संपली की अप्पा, म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी आणि तुरीचे व्यापारी, मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकायला सांगायचे. चहा व्हायचा, नावं ठरायची, ठरलेली माणसं अर्ज भरायची आणि उरलेली टाळ्या वाजवायची. मग चौकात अभिनंदनाचा फलक लागायचा. निवृत्त होऊन गावी आल्यावर दोन वेळा त्या फलकाचा मजकूर मीच लिहून दिला होता. ‘एकीचा आदर्श’, ‘सलोख्याचा विजय’ असा काहीतरी. राज्यशास्त्राच्या माणसानं हे लिहावं यात कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

ते वाटायला लागलं गिरणीवाल्याच्या मुलीमुळं. गावात पिठाची गिरणी एकच आहे. गिरणीवाला मोजकं बोलतो. पट्टा चालू असताना बोलून उपयोग नसतो हे त्याला लवकर कळलं असावं. त्याची मुलगी कलबुर्गीला एम.ए. करते. एका रविवारी ती वही घेऊन माझ्याकडं आली. कॉलेजांच्या स्पर्धेत एक लुटुपुटूची परिषद होती. युरोपातल्या देशांचा जो संघ आहे त्याची बैठक भरवायची, आणि प्रत्येक कॉलेजच्या मुलांनी एकेक देश व्हायचं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा हिच्या वाट्याला संघात शिरू पाहणारा देश आला. पूर्वेकडचा, लहानसा, द्राक्षं पिकवणारा, कितीतरी दिवस दारात उभा असलेला. नाव लिहीत नाही. पुढं जे झालं त्यात त्या देशाचा काही दोष नाही.

आपल्या देशानं कोणत्या लोकशाही सुधारणा केल्या हे तिनं सांगायचं आणि सभासद देशांना पटवायचं, असं काम होतं. मी तिला चार रविवार शिकवलं. न्यायाधीशांची छाननी, वर्तमानपत्रांचं स्वातंत्र्य, संघाकडून दर वर्षी येणारा प्रगतीचा अहवाल, नियमांचे गठ्ठे. आत घ्यायचं तर प्रत्येक सभासदाचा होकार लागतो, एकानं जरी नाही म्हटलं तरी सगळं अडतं, हे ऐकल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

“आन् आत बसल्याल्यांची परीक्षा कोण घेतंय सर?”

“एकदा आत गेल्यावर तितकी कडक कुणी घेत नाही.”

“म्हंजे आपल्या अप्पासारखंच की.”

पाचव्या रविवारी तिनं भाषणाचा मसुदा आणला. आधी मराठीत लिहिला होता, कन्नड नंतर करणार होती. मसुदा चांगला होता. तिसऱ्या पानावर मात्र वाक्य आलं : ‘या सुधारणांमुळे आमच्या देशात इतका सलोखा नांदतो आहे की बहुतेक सगळ्या निवडणुका आता बिनविरोध होतात.’

मी इतका हसलो की चहा बशीत सांडला.

“हसायलाव कामून?”

“अगं, हे वाक्य वाचलंस की तुझा देश त्याच दिवशी बाहेर. सगळं बिनविरोध झालं म्हटल्यावर ते विचारतील, विरोधक कुठल्या तुरुंगात ठेवलेत?”

ती हसली नाही. “तुमच्याच फलकावरनं घेतलंय की सर. सलोख्याचा विजय. चौकात हाय अजून, जाऊन बघा.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांतल्या चुकांखाली लाल रेघ मारत आलो. ही चूक माझी होती, आणि तीही दहा फूट लांबीची, चार रंगांत छापलेली.

“आपल्या गावात इरोधात कुणीच न्हाई व्हय?” तिनं विचारलं.

“आहेत की. आपलीच गल्ली घे. आठ दिवसांनी नळ येतो आणि तासाभरात जातो. एक तरी घर खूश आहे का?”

“मग ते बिनविरोध कसं झालं?”

याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते शिकवण्याजोगं नव्हतं. तिनं वाक्य खोडलं आणि खाली दुसरं लिहिलं : ‘आमच्या देशात दर निवडणुकीत कुणीतरी हरतं, आणि हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या घरीच असतो.’ हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

परिषदेला मीही गेलो. व्यासपीठावर लोकशाहीपेक्षा हार जास्त होते. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, मग शाली, फेटे, बीदरी नक्षीची एक सुरई, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. युरोपातले देश मागच्या रांगांत केळी खात बसले होते. शेवटी तिचं भाषण झालं. सभासद देशांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, आणि निम्मे प्रश्न व्हायच्या आत सूत्रसंचालकांनी माईक घेतला. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. तेव्हा उमेदवार देशाला संघात घेण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात एकमतानं मंजूर करू या, असं ते म्हणाले. टाळ्या सुरूही झाल्या.

ती जागेवरून उठली. “मत घ्या, सर.”

“बाई, तुमच्याच बाजूनं होतंय ना?”

“म्हणूनच म्हणायलीय. हात वर करायला सांगा.”

पाहुणे घड्याळाकडं बघू लागले. पण सभागृहातली पोरं जागी झाली होती, ‘मत, मत’ असा गलका झाला. हात मोजावे लागले. तीन देश विरोधात गेले, नियमाप्रमाणं ठराव पडला. पहिला नंबर दुसऱ्याच कॉलेजला गेला. परतीच्या बसमध्ये तिच्या मैत्रिणी तिच्याशी बोलेनात. तिचा चेहरा मात्र खुलला होता.

“तीन हात वर आले सर,” ती म्हणाली. “आपल्या इरोधात कोण हाय ते तरी कळलं.”

पुढच्याच महिन्यात पंचायतीची निवडणूक लागली. देवळासमोर सतरंजी पडली. आमच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव होती. अप्पांनी तिथं आपल्या सुनेचं नाव सांगितलं. सून बैठकीला नव्हती. टाळ्या झाल्या. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी गिरणीवाल्याची मुलगी माझ्या दारात उभी. एकवीस पूर्ण झाली होती, कन्नडमधला अर्ज भरून आणला होता, फक्त सूचकाची सही राहिली होती. सूचक त्याच वॉर्डातला मतदार लागतो.

“सर, निवडून यायचं म्हणून न्हाई,” ती म्हणाली. “गावानं एकदा शिक्का मारावा म्हणून.”

मी चष्मा शोधण्यात जरा जास्त वेळ घालवला, हे कबूल करतो. अप्पांशी माझं बरं होतं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी दिल्लीपासून युरोपापर्यंतच्या सगळ्या सरकारांची टिंगल करायचो आणि ते मनापासून हसायचे. लांबच्या सरकारांची टिंगल करायला काही लागत नाही. मी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर दळण यायचं थांबलं. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. देवळासमोर एवढंच ठरलं की काही दिवस निंबर्ग्याहून दळून आणायचं. गिरणीवाला रिकाम्या जात्याजवळ बसून राहिला. त्या घराचं सगळं त्या गिरणीवर चालतं, मुलीचं एम.ए. सुद्धा.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी अप्पांनी मला, मुलीला आणि तिच्या वडिलांना पंचायतीच्या कचेरीत बोलावलं. दुपारी तीनपर्यंत मुदत होती. माघारीचा अर्ज भरून तयार होता, नुसती सही बाकी. शेजारी पेनही टोपण काढून ठेवलं होतं. निवडणूक अधिकारी बाहेरगावचे होते, खाली मान घालून कागद चाळत होते.

“मास्तर,” अप्पा म्हणाले, “तुम्ही शिकल्याली माणसं. पोरीला समजावा. इतकी वरसं गावात एक वाईट शब्द निघाला न्हाई. मत म्हंजे घराघरात भांडण.”

“अप्पा, सूचक म्हणून सही माझीच आहे.”

“ठावं हाय. म्हणून तर बोलावलंय.” मग ते गिरणीवाल्याकडं वळले. “काय रे, गिरणी चालायलीय ना नीट?”

मी मुलीकडं पाहिलं. ती वडिलांकडं बघत होती. मला वाटलं, संपलं. बापानं नुसती मान हलवली असती तरी तिनं पेन उचललं असतं. तिच्या हाताकडं बघून ते कळत होतं. मी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण माझ्यापाशी होती ती सगळी वाक्यं वर्गातली होती.

गिरणीवाल्यानं भुवयांवरचं जुनं पीठ पुसलं. “बंदच हाय अप्पा. म्या बी म्हनलं, पट्टा बदलून घ्यावा, दगडाला टाकी लावून घ्यावी. आठ-धा दिवस जातील. तवर गावानं भात खावा.”

“आन् पोरगी?”

“तिचं तिला इचारा. अर्ज तिचा हाय.”

अप्पांनी तिला विचारलं नाही. माझ्या माहितीत त्यांनी कधीच कुठल्या बाईला काही विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी सुरुवात करणं त्यांना जमलं नाही. ते पेनाकडं बघत राहिले, मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडं. तीन वाजले. अधिकाऱ्यांनी वही ओढली, दोन नावं लिहिली आणि चिन्हं वाटली. सुनेला पंखा, हिला शिवणयंत्र.

निंबर्ग्याहून दळून आणायचं पुरुषांनी ठरवलं होतं. डोक्यावर डबा मात्र बायकांच्या येतो, आणि इकडं भाकरी रोज लागते. निंबर्ग्याला एकही बाई गेली नाही. पहिले दोन दिवस शिल्लक पिठावर गेले, तिसऱ्या दिवशी भात झाला. चौथ्या दिवशी सकाळी गिरणीसमोर ज्वारीच्या डब्यांची रांग लागली. त्यात अप्पांच्या घरचाही डबा होता. तो घेऊन आलेल्या बाईला कुणीतरी डिवचलं, तेव्हा ती म्हणाली, “मी काय करू? अप्पास्नी भात पचत न्हाई.” गिरणीवाल्यानं कुणाला काही ऐकवलं नाही. पट्टा बदलायचं राहूनच गेलं.

आता प्रचार करणं भाग होतं, आणि तो कसा करतात हे गावाला माहीत नव्हतं. अप्पांची सून आमच्या गल्लीत आली तेव्हा नवरा दोन पावलं मागं होता. पंचवीस वर्षं त्याच गावात नांदलेली ती बाई आमची गल्ली पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघत होती. समोरच्या म्हातारीनं तिला पाण्याचं विचारलं. नवरा उत्तर द्यायला लागला.

“तू गप रे,” म्हातारी म्हणाली. “शिक्का हिच्या नावापुढं मारायचाय. हिला बोलू दे.”

सून काहीतरी पुटपुटली. पण ती ओट्यावर टेकली, पाणी प्याली, आणि नळ किती वेळ येतो हे तिनं दोनदा विचारलं. नवरा उन्हात उभा राहिला.

मतदानाच्या दिवशी मी साडेसहालाच रांगेत होतो. माझ्यापुढं सत्तरीची एक बाई होती. तिला सही येत नव्हती. अंगठा शाईच्या गादीवर नुसता कसा टेकवायचा ते तिनं मला करून दाखवलं. मी नीट पाहून घेतलं. राज्यशास्त्रात हा भाग नव्हता.

मोजणी तालुक्याला, आळंदला झाली. गिरणीवाल्याची मुलगी हरली. फार मोठ्या फरकानं नाही, पण हरली ती हरली. त्याला आणखी काही नाव द्यायचं मला कारण नाही. संध्याकाळी हलगी वाजवत, गुलाल उधळत मिरवणूक आली आणि मुद्दाम गिरणीच्या अंगानं वळली. ट्रॅक्टरवर सून हार घालून उभी, बाजूला नवरा, पुढं अप्पा. मी गिरणीच्या पायरीवर बसलो होतो. मिरवणूक थांबली. आता पोर दार लावून घेईल असं सगळ्यांना वाटत होतं.

ती बाहेर आली. हाताला पीठ होतं, ते तिनं ओढणीला पुसलं आणि हलगीच्या वर आवाज चढवून म्हणाली, “वहिनी, अभिनंदन. वॉर्डसभा कधी लावायलाव? पाण्याचं बोलायचंय.”

हलगी थांबली. अप्पा काही बोलायच्या बेतात होते. नवरा म्हणाला, “बघू की, होईल...”

सुनेनं दोघांकडंही पाहिलं नाही. हार जरा मागं सारला आणि ट्रॅक्टरवरून वाकून म्हणाली, “सोमवारी. अकरा वाजता. तुमच्याच ओट्यावर बसू.”