सीडीला लावलेलं कुंकू

खंडेनवमीच्या पूजेसाठी जुना सीडी प्लेअर पुसायला घेतला आणि झेंडूच्या वासाबरोबर तळेगाव ढमढेऱ्यातली ती दुपार आठवली.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. त्यांच्या भजनाच्या कॅसेटची मामांनी सीडी करून आणली, सोबत हा प्लेअर. नव्या यंत्राची पूजा तर व्हायलाच हवी. आप्पा गेल्यापासून बंद असलेला करंडा आईनं उघडला आणि सीडीच्या चकचकीत बाजूवरच कुंकवाचं बोट टेकवलं. सीडी काही लागेना.

"आक्का, त्याच बाजूला समदं असतंय," मामा म्हणाले. "नुसतं आकडं. आतली चिप त्याचा परत आवाज करती."

"आकड्यातनं ह्यांचा आवाज?" म्हणत आईनं पदरानं सीडी मधून कडेला अलगद पुसली.

या वेळी टाळ वाजले. मग आप्पा खाकरले, रोज उंबऱ्यात येताना खाकरायचे तसेच. आईनं झटकन पदर डोक्यावर घेतला. आम्ही पोरं खो खो हसलो.

पदराचं कुंकू तिच्या कपाळाला लागलं होतं. ते तिनं झोपेपर्यंत पुसलं नाही, हे मात्र आज, हातात फडकं असताना, आठवतंय.