सुनेचा परवाना आणि आमच्या गल्लीतले माग

मागाखाली रोज झाडून घेतलं तरी दुसऱ्या दिवशी धाग्यांचा कचरा साचतोच. कुणी आणून टाकत नाही, आपोआप साचतो. आमच्या गल्लीतल्या गोष्टींचं तसंच आहे. गेल्या वर्षी माझ्या सुनेनं एक परवाना काढायला घेतला आणि बघता बघता इतक्या गोष्टी साचल्या, की आता कुणी चहाला आलं तरी एखादी सांगितल्याशिवाय मी कप पुढं करत नाही!

आमचं घर सीमाभागातल्या शहापुरात. पुढच्या खोलीत माणसं, मागच्या खोलीत माग. मी आणि माझा पोरगा सागर साड्या विणतो. सून प्रियांका बोरगावची, निपाणीजवळची. ती आली ती लॅपटॉप घेऊनच आली. माडीवर बसून परदेशातल्या कंपनीचं काम करते. तिच्या डोक्यात आलं, दोघांनी वर्षभर क्रोएशियात जाऊन राहायचं. तिथं असा परवाना देतात म्हणे. काम आपलं आहे तेच, फक्त माणूस तिथं राहणार. अर्ज सुनेच्या नावानं आणि पोरगा बायकोच्या मागनं.

गल्लीत एकच चर्चा. "बायकोच्या नावानं नवऱ्याला कोण घेतंय गं? येत न्हाय बघ परवाना!"

झालं. तोपर्यंत मला त्या परवान्याचं काही नव्हतं. त्या दिवसापासून मात्र मला तो पाहिजेच होता!

* * *

मी चौथी शिकलेली. सुनेला म्हटलं, "हे डिजिटल नोमॅड म्हंजे काय ते मला नीट सांग. उद्या कोण विचारलं तर तोंड उघडाय पायजे."

ती म्हणाली, "आत्ती, एका जागी घर करून न राहता, फिरत फिरत काम करणारा माणूस."

"मग आपल्या रानातनं दरसाल मेंढरं घेऊन जात्यात ते?"

"तसंच. फक्त मेंढरं न्हाईत."

"बरं. आणि त्या देशाची अट काय?"

"तिथं राहायचं, खायचं, फिरायचं. पण तिथल्या कुणाचंच काम करायचं न्हाय. तशी सक्त मनाई हाय."

मी म्हटलं, "एवढंच? हा परवाना तर आमच्यात जावयांना लग्नाच्या मांडवातच मिळतोय!"

* * *

अर्जाला लग्नाचा दाखला पाहिजे होता. आमच्यात लग्न होतं, जेवणं होतात, दाखला कोण काढतंय! मग आता काढायला गेलो. ऑफिसात म्हणाले, लग्नातला फोटो द्या, नवरा-नवरी दोघंच दिसली पाहिजेत.

अल्बम उघडला. सुनेचे मामा बोरगावचे, तंबाखूचे व्यापारी. डोक्याला फेटा, अंगाला कोट, माणूस दरवाजाएवढा. अक्षता पडताना मामा मध्ये. हार घालताना मामा मध्ये. जेवायला बसले तरी मामा मध्ये, एकीकडं नवरा आणि एकीकडं नवरी!

क्लार्कनं पानं उलटली आणि विचारलं, "ह्यात नवरा कोण?"

शेवटी एक फोटो सापडला. त्यात मामा जिलेबी आणायला गेले होते. त्या जिलेबीनं आमचा दाखला वाचवला.

साक्षीदार म्हणून मामांनाच बोलावलं होतं. सह्या झाल्या, दाखला हातात आला. सून म्हणाली, "आठवण म्हणून आमचा दोघांचा एक फोटो काढा की." मी मोबाइल धरला. तेवढ्यात मामा आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. दोघांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "हां, काढा आता! कसं भरल्यासारखं वाटतंय!"

* * *

पोलिसांचा दाखलाही लागतो. एक कॉन्स्टेबल चौकशीला घरी आला. तो कानडीत विचारायचा, मी मराठीत सांगायची. दोघांनाही सगळं कळत होतं. आमच्याकडं निम्मी कामं अशीच होतात.

मग तो म्हणाला, शेजाऱ्यांना विचारायला पाहिजे. आणि सरळ शांताक्काच्या दारात गेला!

शांताक्का आणि मी बोलत नाही. तिनं आमच्या दोघींच्या सामाईक भिंतीला लागून नवा माग बसवला, तेव्हापासून. तिचा माग सुरू झाला की माझ्या मांडणीवरची भांडी नाचतात. एकदा स्टीलचा डबा खाली आला तो नेमका माझ्या पायावर. मी जाऊन काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती जे बोलली ते तर मुळीच नाही.

आता ही बाई काय सांगते! मी भिंतीला कान लावून उभी राहिले.

शांताक्का सांगत होती, "पोरगी सोन्यासारखी हाय, साहेब. मान वर करून बोलत न्हाय. पोरगा तर गरीब गाय. डोळं झाकून लिवा."

"घरातली बाकीची?"

"सासू हाय."

"तिच्यावर काय केस वगैरे?"

"न्हाय," शांताक्का म्हणाली. आणि भिंतीकडं तोंड करून, मोठ्यानं, "पण घालाय पायजे!"

* * *

सागरला तिथं काम नाही. मग हा दिवसभर करणार काय? मी म्हटलं, "बायको काम करणार तर तू चुलीकडं बघायचं. बस इथं." आणि त्याला भाकरी शिकवायला घेतली.

पहिल्या दिवशी भाकरी परातीतनं उचलेना. दुसऱ्या दिवशी उचलली ती तव्यावर न जाता त्याच्या कोपरावर गेली. पण विणकराचा हात आहे, आठ-पंधरा दिवसांत ताळ्यावर आला. फुगायला लागली भाकरी!

अशातच एकदा दत्तूआप्पा आले. दत्तूआप्पा म्हणजे आमच्या भागातला मोठा आधार. कुणाच्या घरी मयत झाली की पहिले आप्पा हजर. दोरी, मडकं सगळं त्यांच्या घरात कायम तयार. ते पुढं झाले की घरच्यांना काही बघावं लागत नाही. सागरला तव्यापुढं बघून ते दारातच थांबले.

"मंगल, पोराला भाकऱ्या थापाय बसवलंस? बापय गडी हाय न्हवं त्यो?"

"आप्पा, आदी बसा. खावा. मग बोला."

आप्पा बसले. ठेचा घेऊन एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी मागून घेतली. हात धुतला, सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "पोरी, तुला जायचं तर खुशाल जा. ह्येला हितं ठेव!"

* * *

सगळे कागद गेले. मग निरोप आला की तिकडच्या बाई व्हिडिओवर दोघांची मुलाखत घेणार. ह्यावरच सगळं होतं.

अडचण एकच. गल्लीत दिवसभर मागांचा आवाज. सून एरवी कानाला ते मोठं यंत्र लावून बोलते, पण ह्या वेळी दोघांना शेजारी बसून बोलायचं होतं. त्यात सागरचा आवाज मुळातच बारीक. आदल्या दिवशी सुनेनं मैत्रिणीला फोन लावून बघितला. ती म्हणाली, "नवऱ्याचे ओठ हलताना दिसत्यात, बाकी काय न्हाय."

मग मीच बाहेर पडले. घरोघरी गेले. "उद्या सकाळी अर्धा तास माग बंद ठिवा." विणकराला असं सांगणं म्हणजे काय ते विणकरालाच माहीत. आमच्या गल्लीत माग एकदम बंद होतात ते फक्त कुणाची मयत झाली तर. तरी सगळे हो म्हणाले. शांताक्काकडं मात्र मी गेले नाही. बोलत नाही तर जाणार कशी! म्हटलं, तिच्या एका घराच्या आवाजानं काय होतंय.

सकाळी पोरं माडीवर बसली. सागरनं खडेबाजारातनं आणलेला नवा शर्ट घातला होता. मी जिन्याच्या तोंडाशी राखण करत होते. वेळ झाली आणि एकेक घर गप्प होत गेलं. शेवटी भिंतीपलीकडचा शांताक्काचा मागही थांबला. मला नवल वाटलं. हिला कुणी सांगितलं?

कुणीच सांगितलं नव्हतं! गल्ली गप्प झालेली बघून ती बाहेर आली. बघते तर माझ्या दारात दत्तूआप्पा उभे, हातात दोरी आणि मडकं. त्यांच्या मागं पलीकडच्या गल्लीतली चार माणसं, टोप्या काढून. त्या गल्लीत निरोप द्यायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शांताक्कानं पुढं काही विचारलं नाही. "मंगल गं!" म्हणून जो हंबरडा फोडला आणि धावत आली, ती आप्पांना ढकलून थेट आत. मी जिन्यात उभी. मला बघून ती जागीच थिजली. माझे दोन्ही दंड धरून चाचपले आणि आणखीनच मोठ्यानं रडायला लागली.

मी म्हटलं, "शांताक्का, हळू रड. वर मुलाखत चालू हाय!"

पण आवाज वर गेलाच. मला इंग्रजी कळत नाही, पुढचं सुनेनं नंतर सांगितलं. त्या बाईंनी विचारलं, "कोण रडतंय?"

सून म्हणाली, "आमची शेजारीण."

"का? काय झालं?"

तोपर्यंत सागर एक शब्द बोलला नव्हता. तो खाली वाकून बघून आला, परत खुर्चीवर नीट बसला आणि इंग्रजीत म्हणाला, "माझी आई जिवंत आहे, म्हणून."

पुढं त्या बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी शांताक्कानं माझ्याशी बोलणं परत बंद केलं. कारण विचारलं तर पलीकडच्या बाईकडून निरोप आला, "फुकट रडवलं मला!"

* * *

मग नुसती वाट बघणं. सून दिवसातनं दहा वेळा मोबाइल बघायची. सागर भाकऱ्या करायचा. गल्लीतली माणसं मला बघून विचारायचंही टाळायला लागली, ते मला जास्त लागलं. मुलाखतीत हे असं झालेलं, आता कसला परवाना येतोय, असं मलाही वाटायला लागलं होतं. बोलून मात्र दाखवलं नाही.

एका दुपारी मी मागासाठी धाग्याच्या कांड्या भरत बसले होते. सून जिन्यावरनं धावत खाली आली. मोबाइल माझ्यापुढं धरला.

"दोघांचा?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "दोघांचा, आत्ती."

मी उठले. चप्पल न घालता शांताक्काच्या दारात गेले. तिचे सगळे माग जोरात चालू होते. ती तशीच साडीवर नजर ठेवून उभी. मी उंबऱ्यातनंच म्हटलं, "आला."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. हात पुसले. पहिला माग बंद केला. मग दुसरा. मग तिसरा. सगळ्यात शेवटी माझ्या भिंतीकडचा. खोलीत एकदम शांत झालं. माझ्या मांडणीवरची भांडी त्या दिवसात पहिल्यांदा गप्प बसली असतील.

"बस," ती म्हणाली. "कवा जाणार पोरं?"

"म्हैना हाय अजून."

ती चुलीकडं वळली. चहाचं आधण ठेवलं. मला पाठमोरी होती, म्हणून बरं होतं. मीही भिंतीकडंच बघत होते.

पहिला घोट घेतला असेल नसेल, दारात सावली पडली. बघते तर दत्तूआप्पा. धापा टाकत आलेले, हातात दोरी.

शांताक्कानं तिसरा कप काढला.

"आप्पा, ती दोरी बाहेर ठिवा. चा घ्या."