स्पीकरमधली गुरगुर

गाड्यांच्या प्रदर्शनात दोन अमेरिकन मसल कार, दांडग्या ताकदीच्या नि दणदणीत आवाजाच्या गाड्या, शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक जुनी, साधारण माझ्याच वयाची. दुसरी तिचंच नवं, विजेवर चालणारं मॉडेल. जुनीच्या मालकानं आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तशी ती एका अंगावर कलली, थरथरली, धूर ओकली. मग नवीही तितकीच गुरगुरली, पण तिच्या बॉनेटवर ठेवलेल्या कपातला चहासुद्धा हलला नाही.

"आवाज स्पीकरमधून येतो, काकू," तिचा तरुण मालक कौतुकानं म्हणाला. "आत काही बिघडलं, तरी आवाज असाच दमदार."

मला सुधीर आठवला, माझा धाकटा भाऊ. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "ताई, एकदम मजेत!" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. तो गेला त्याच्या आदल्या रविवारीही तोच आवाज होता, तेच हसू. वर्षभर तो दुखणं अंगावर काढत होता, हे आम्हाला नंतर डॉक्टरांकडून कळलं. आमचे वडील निदान कण्हायचे. कण्हून कण्हून सगळ्या घराला जागं ठेवायचे, तेव्हा त्यांचा राग यायचा. आता वाटतं, ज्यांच्यावर विसंबायचं, त्यांच्यासमोरच माणूस कण्हतो.

तेवढ्यात जुनी गाडी खोकली आणि दोन आचके देऊन बंद पडली. लोक हसले. तिचा मालक मात्र दार उघडं टाकून बॉनेटकडे धावला.

ती खोकली, म्हणून तरी कुणी धावलं.