मागच्या दाराने आलेली पेशंट

एका पेशंटच्या दाढेवर माझं ड्रिल चालू होतं, तेव्हा आमची रिसेप्शनिस्ट रेखा आत आली. हळूच म्हणाली, "मॅडम, बाहेर एक पोरगी हूं हूं करून राह्यली. लोक कंटाळले."

वणीत माझा दातांचा दवाखाना आहे. त्या दिवशी वेटिंग भरलेलं होतं. मी दारातून पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसची एक मुलगी पंख्याकडे बघत, पुढे-मागे डुलत, एकाच सुरात आवाज काढत होती. शेजारी तिचे वडील, मेश्राम काका, खाणीतून रिटायर झालेले. जो मान वळवून बघेल त्याला ते हात जोडत होते. मुलीचं नाव संघमित्रा. तिला ऑटिझम आहे, जेवत नाही, उजवा गाल दाबून धरते, एवढं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं.

ऑटिझमवर कॉलेजात वाचलेला एक परिच्छेद मला आठवत होता. तोंडात न बघताच मी पेनकिलर आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात दुपारी या म्हटलं, तेव्हा दवाखाना रिकामा असतो. आणि मागच्या दाराने या. हे मी तिच्या सोयीसाठी करतेय, अशी माझी खरंच समजूत होती.

मागच्या दाराला लागून आमचा कॉम्प्रेसर आहे, ड्रिलला हवा पुरवणारं मशीन. टाकीतली हवा कमी झाली की ते आपोआप धडधडायला लागतं. आम्हाला आता तो आवाज जाणवतही नाही.

पुढच्या आठवड्यात संघमित्रा त्या दाराने आत शिरली आणि नेमका कॉम्प्रेसर सुरू झाला. ती कान दाबून खाली बसली, किंचाळायला लागली. काका उठवायला गेले तर त्यांच्या मनगटाला चावली. मी रेखाला तिचे हात धरायला सांगितले. त्याने अजूनच बिघडलं. शेवटी मी काकांना म्हटलं, हे इथे होणार नाही, नागपूरला नेऊन भूल देऊन करावं लागेल.

काका मनगट चोळत उभे होते.

"मॅडम, राग नका मानू. त्या दिवशी हूं हूं करत होती ना, तवा ती चांगली होती. मन थंड ठेवाले करते तसं. आज या मशीनले भेली."

"मग पुढूनच येतो, असं तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी मागून या म्हणलं. आमाले सवय हाये. हिले घेऊन लग्नात बी मागंच बसतो आमी."

रेखा माझ्याकडे बघत नव्हती. मीही कुणाकडे बघू शकले नाही. जाऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं आणि थोडं लांब, जमिनीवरच बसले. तेव्हा लक्षात आलं, आतापर्यंत सगळं मी काकांनाच विचारलं होतं. तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"संघमित्रा, तुला काय नको?"

तिने कानांवरचे हात काढले. उत्तर येणार नाही असं धरून मी उठायला लागले, तेव्हा म्हणाली, "आवाज नको. हात नको धरू." मग बोट तोंडात घालून तिनेच दाढ दाखवली. तोंडात बघायचा छोटा आरसा मी तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि तोंड उघडलं. दाढ मुळापर्यंत सडली होती, हिरडीत पू होता.

त्या दिवशी एवढंच केलं. पुढच्या खेपेला पुढच्या दाराने बोलावून दाढ काढली. त्याला ड्रिल लागत नाही, म्हणून कॉम्प्रेसर बंदच ठेवला. इंजेक्शनपासून प्रत्येक गोष्ट आधी तिला सांगितली. मध्येमध्ये ती हूं हूं करत होती, मी थांबून राहत होते.

पहिल्याच दिवशी तपासलं असतं तर तिचं आठवडाभराचं दुखणं वाचलं असतं, हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरीही माझे आभार मानले. ते आभार मला ऐकवत नव्हते.

काय होतंय ते पेशंटलाच विचारायचं असतं. आम्हाला हे कॉलेजात अगदी सुरुवातीला शिकवतात.