कुंकवाची चार बोटं

विमलाअक्का टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्या, तेव्हा शेजारणींनी विचारलं, आता काय करणार, भजनी मंडळ की योगासनं? अक्कांनी दोन्हींना लांबूनच नमस्कार केला आणि एसपी रोडच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक सर्व्हर उचलून आणला. कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला, लोखंडी ट्रंकेएवढा, चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. रिक्षावाल्याने हे काय म्हणून विचारलंच, "इदु एनम्मा?" अक्का म्हणाल्या, "म्हातारपणची सोय."

घर बोम्मसंद्र्याच्या मागच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत. दोन खोल्या, व्हरांडा, आणि लोणच्याच्या बरण्यांची एक कोठी. घराणं तीनशे वर्षांपासून बेंगळुरातलं, म्हणजे मराठी उंबरठ्याच्या आत आणि कानडी बाहेर. त्या कोठीत बरण्यांच्या खालच्या फळीवर सर्व्हर बसला, त्याच्याशेजारी नेटवर्कचा डबा आला, मग दुसरा डबा, मग भिंतीवरून घरभर वायरी. नाकापेक्षा मोती जड, असं नवरा म्हणायचा. पण वायरी बघायला मात्र रोज यायचा, कारण अशा सरळ ओढलेल्या आणि गाठी मारलेल्या वायरी त्याने कारखान्यातही पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना अक्कांच्या हातची चिठ्ठी. बत्तीस वर्षं एक्सचेंजात त्यांनी एकच नियम पाळला होता: चिठ्ठी बांधल्याशिवाय तार सोडायची नाही.

नवरा म्हणजे विद्याधरराव. बोम्मसंद्र्यातल्याच एका कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर. माणूस सोन्यासारखा, पण आवाज भोंग्याचा आणि मत प्रत्येक गोष्टीवर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, तीन आठवड्यांनी. माणूस वाचेल, आवाज जाईल.

अक्का त्या दिवशी घरी येऊन तासभर कोठीत बसल्या. उठल्या त्या एक वही घेऊनच. तीन आठवडे त्यांनी कोठीला गोधड्या टांगल्या, माइक लावला आणि नवऱ्याकडून अकराशे वाक्यं बोलवून घेतली. "विमले, चहा दे." "माझं पाकीट कुठंय?" "दार लावलंस का?" "या सारात मीठ स्वल्प कमी आहे." वहीत अक्कांनी एक वाक्य मुद्दाम घातलं होतं: "चुकलं माझं." विद्याधररावांनी त्यावर पेन्सिलीने काट मारली. "चाळीस वर्षांत लागलं नाही, आता कशाला?" म्हणाले, आणि त्या जागी "तुझं चुकलं" हे वाक्य बोलले. दोनदा बोलले, पहिल्यात जोर कमी पडला म्हणून.

मग अक्कांनी पुढचं सगळं उभं केलं. विद्याधररावांच्या हातात टॅब्लेट, त्यावर वाक्यांची बटणं. आवाज मात्र सर्व्हरवर, आणि तो वाजणार स्वयंपाकघरातल्या, व्हरांड्यातल्या आणि न्हाणीघराच्या दारावरच्या स्पीकरमधून. त्यामुळे विद्याधरराव व्हरांड्यात बसून बटण दाबायचे आणि चुलीपाशी त्यांचाच आवाज यायचा, "विमले, चहा." अक्का पाठ न वळवता म्हणायच्या, "सरी, ठेवते." बाहेरच्याला वाटावं, या घरात काही घडलेलंच नाही.

यंदा नवरात्राच्या आधी सर्व्हरमधली एक डिस्क कुरकुरायला लागली. तीन डिस्क होत्या, माहिती तिघींवर वाटून ठेवलेली. अक्कांनी ठरवलं, कुरकुरणारी बदलू, लगे हाथ चौथीही लावू, सगळं ऐसपैस होईल. एक नवी आणली. चौथीसाठी थांबायचं होतं, पण अक्कांना धीर कुठला! मुलगी सुप्रीता व्हाइटफील्डला असते. तिच्या कपाटात सगळ्याची दुसरी प्रत असलेली एक डिस्क ठेवलेली होती. ती अक्कांनी आणली, कोरी केली आणि चौथी म्हणून लावली. दुसऱ्या प्रतीसाठी आणखी एक मागवली, ती दसऱ्याच्या आत येणार होती. आली नाही, कुरिअरवाल्याला सणाची सुट्टी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक्सचेंजात हाताखालच्या कुणी असं केलं असतं, तर अक्कांनी त्याला उभा सोलला असता.

खंडेनवमी आली. बेंगळुरात त्या दिवशी बसपासून कात्रीपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं आणि सगळे विश्रांती घेतात. विद्याधरराव कारखान्यात असताना लेथ उघडून, पुसून, नटबोल्टचे पाने रांगेत मांडून पूजा करायचे. घरी लेथ नाही. त्यांचं यंत्र म्हणजे आता हा सर्व्हर. अक्कांनी तो बंद केला, आतली धूळ काढायला चारही डिस्क बाहेर काढल्या आणि देवाच्या बाजूने क्रमाने पाटावर मांडल्या. प्रत्येकीला एक धागा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. टेलिफोनच्या केबलमधला रंगांचा क्रम तोच, त्यांना झोपेतही येणारा. मग त्या डाळ-गुळाच्या हयग्रीवाचं पातेलं घोटायला आत गेल्या.

विद्याधरराव न्हाऊन पाटापाशी बसले. पूजेला बसणाऱ्या हत्याराला चिंधी, दोरा, कागद काही चिकटलेलं चालत नाही, हा कारखान्यातला कडक रिवाज. त्यांनी कात्री घेतली आणि चारही धागे कापून टाकले. कोरड्या फडक्याने डिस्क पुसल्या, कुंकू लावलं, फूल वाहिलं. दिवसभर पाटीवर खडूने लिहून बोलले आणि मजेत होते. यंत्र झोपलं तर आपणही गप्प, त्यात काय एवढं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी उत्तरपूजा केली, फुलं काढली, चारही डिस्क हाताला येतील तशा एकावर एक ताटात रचल्या आणि ताट कौतुकाने अक्कांसमोर धरलं.

"धागे कुठंयत?" अक्कांनी विचारलं.

विद्याधररावांनी निर्माल्याच्या परडीकडे बोट दाखवलं.

अक्कांनी ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं. सर्व्हरमधलं डिस्क सांभाळणारं जुनं कार्ड त्यांना ओळखायचं ते जागेवरून. पहिलीच्या जागी तिसरी बसली, की ते विचारणार, सगळं पुसून नव्याने सुरू करू का? आणि ते विचारेलच, की न विचारता सुरू करेल, याची अक्कांना खात्री नव्हती. डिस्क चार, क्रम चोवीस. दुसरी प्रत कुठेच नाही.

त्यांनी सुप्रीताला फोन लावला. ती घाबरून म्हणाली, "अम्मा, हात लावू नको हं. डेटा काढून देणारे असतात. सोमवारी उघडतील. पण मिळेलच असं नाही, अम्मा."

फोन ठेवून अक्का नवऱ्याकडे वळल्या. "बत्तीस वर्षांत माझी एक चिठ्ठी तुटली नाही. तुम्ही एका कात्रीत चार तोडल्या! विचारायचं तरी. एकदा विचारायचं!"

विद्याधररावांनी सवयीने टॅब्लेट उचलला, बटण दाबलं. कुठूनच काही आलं नाही. त्यांनी पाटी घेतली, काहीतरी लिहिलं, हाताने पुसलं, आणि ते व्हरांड्यात जाऊन बसले.

अक्कांना स्वतःची लाज वाटली. ज्याला उलट बोलता येत नाही त्याला बोललो आपण. आणि प्रत कोरी केली ती कुणी? रागाच्या तळाशी भीतीच होती. त्या अकराशे वाक्यांपलीकडे तो माणूस कसा बोलायचा, कसा हसायचा, ते त्यांना आताशा नीट आठवेनासं झालं होतं. राहिलं होतं ते एवढंच, आणि तेही ताटात एकावर एक रचलेलं.

काहीच सुचेना तेव्हा त्यांनी निदान कुंकू तरी पुसावं म्हणून फडकं घेतलं. वरची डिस्क उचलली. तिच्यावरचं कुंकवाचं बोट अगदी फिकं. खालच्या डिस्कवरचं गडद, जाड, वाळून पापुद्रा धरलेलं. अक्कांचा हात थांबला. त्यांनी चारही डिस्क खिडकीच्या उजेडात ओळीने मांडल्या.

"अहो, जरा या इकडे. कुंकू लावताना बोट कितीदा बुडवलंत?"

विद्याधररावांनी एक बोट वर केलं. एका बुडवणीत चार पाने, ही त्यांची कारखान्यातली पद्धत; शंभर पाने असायचे, दर पान्याला कोण बोट बुडवत बसणार?

"कुठल्या बाजूनं सुरुवात केलीत?"

त्यांनी क्षणभरही न थांबता देव्हारा दाखवला. निळा धागा देवाच्या बाजूलाच होता. म्हणजे सगळ्यात गडद ती निळी आणि सगळ्यात फिकी ती तपकिरी. मधल्या दोघींत मात्र अक्कांना फरक दिसेना. त्या एकीवरून दुसरीकडे बघत राहिल्या.

विद्याधररावांनी चष्मा चढवला. केसाच्या जाडीएवढा फरक आयुष्यभर डोळ्यांनी पकडलेला माणूस तो. त्यांनी दोन्ही डिस्क उजेडात तिरप्या धरल्या, खाली ठेवल्या, पुन्हा धरल्या, आणि एक अक्कांच्या हातात दिली. दुसरी ही.

"नक्की?"

त्यांनी मान हलवली. अक्कांनी आणखी काही विचारलं नाही.

चार डिस्क चार जागी गेल्या. बटण दाबलं. कोठी घरघरली. पडदा काळा, मग काळाच, मग पांढरी अक्षरं. अक्कांनी नवऱ्याचा दंड धरला होता, ते त्यांना नंतर कळलं. चार हिरवे दिवे लागले आणि लुकलुकायला लागले. कार्डाने काहीसुद्धा विचारलं नाही.

अक्कांनी आधी अकराशे वाक्यं एका पेनड्राइव्हवर उतरवली, मग दुसऱ्यावर, आणि दोन्हींना चिठ्ठ्या बांधल्या. त्यातला एक देव्हाऱ्यात ठेवला. मग डोळे पुसून जेवणाचं बघायला गेल्या.

भात शिजत आला होता, तोच स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून भोंगा वाजला: "तुझं चुकलं!"

अक्का डाव घेऊनच बाहेर आल्या. "हो, चुकलं! प्रत मीच पुसली, ठाऊक आहे मला. पण ते आजच ऐकवायचं होतं का हो?"

विद्याधरराव जोरजोरात मान हलवत होते. नाही, नाही. त्यांनी टॅब्लेटवर ते बटण दाखवलं, मग वर सरकत जाऊन दुसरं दाखवलं, "माझं पाकीट कुठंय?", आणि पाटी समोर धरली. पाटीवर लिहिलं होतं, "यातलं तुझं काढ. तिथं माझं लाव."

अक्कांनी पाटी दोनदा वाचली. मग डाव तिथेच खुर्चीवर ठेवून कोठीत गेल्या. आयुष्यभर तुटलेल्या तारा जोडल्या होत्या, त्यापुढे हा जोड काहीच नव्हता. तरी दोन वाक्यांतले शब्द नेमके कापून जोडायला तीन प्रयत्न लागले. चिठ्ठीवर त्यांनी आकडा लिहिला, अकराशे एक.

विद्याधररावांनी बटण दाबलं. स्वयंपाकघरात, व्हरांड्यात, न्हाणीघराच्या दारावर एकदम त्यांचा आवाज उठला: "माझं चुकलं!" 'माझं' पाकीट हरवल्यासारखं वैतागलेलं, 'चुकलं' लढाई जिंकल्यासारखं. अशी क्षमा कुणी मागितली नसेल. पलीकडच्या घराची खिडकी उघडली.

"साकु हो, पुरे," अक्का रडत रडत हसल्या. "ऐकलं मी."

त्यांनी पुन्हा दाबलं.