मापाच्या स्प्रिंगा

माझी वहिनी शिवणकाम करते आणि मी तिची नणंद, त्यामुळे तिला नावं ठेवायचा हक्क मला आपोआप मिळालेला आहे. तो मी भरपूर वापरते. ती तोंडात टाचण्या धरून बोलते, चहा गार करून पिते, आणि कुणी 'बघू' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. कपडा मंगळवारी देते म्हणाली की मंगळवारीच देते. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. कापायचं लांबलचक टेबल, मशिनं, आणि भिंतीवर टांगलेले अर्धवट कपडे, कुणाला बाह्या नाहीत तर कुणाला कॉलर नाही. या खोलीत तिचा एकच कायदा चालतो. माप द्यायला आलेल्याला ती सांगते, "तुम्हाला नीट बसणारा जुना कपडा आणा. टेप लावला की माणूस पोट आत ओढतो. कपडा नाही ओढत."

हाच कायदा तिनं गाडीला लावला.

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. गाडी इतकी जुनी की तिचा मूळ रंग कुठला यावर घरात एकमत नाही. दादानं तिला कधी गॅरेजची पायरी चढू दिली नाही. मागच्या स्प्रिंगासुद्धा एकदा त्यानं स्वतः बदलल्या होत्या, आणि ती हकीकत तो इतक्यांदा सांगायचा की सुरुवात झाली की पाहुणे चपला शोधायला लागत. वळणावर गाडी मागून 'कट्' असा आवाज करी. "खोड आहे तिची," दादा म्हणायचा. आम्हीही मान डोलवायचो, आम्हाला काय कळतंय!

मग दादाच्या पाठीचं ऑपरेशन झालं. त्याला इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी वहिनी गाडी चालवत होती आणि मी मागे उशा सांभाळत बसले होते. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग धाडकन खाली आपटला. मोडली होती स्प्रिंग, पण ओरडला दादा. तसं ओरडणं मी त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. वहिनीनं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली.

त्यानंतर दादानं घराबाहेर पाऊल टाकलं नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे जायचं होतं, गेला नाही. भाड्याची गाडी दारात आली, ती त्यानं परत पाठवली. "मला पुन्हा कुठल्याही गाडीत घालू नका," एवढंच म्हणाला. बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, असाच बसून राहिला तर पाठ आखडेल, आणि एकदा आखडली की मग कायमची. रात्री त्याला झोप लागत नसे, दिवसा तोंडातून शब्द निघत नसे. खिडकीशी खुर्ची ओढायची आणि अंगणात बूड टेकून उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहायचं, हा त्याचा उद्योग. बडबड्या माणूस गप्प झाला की घर खायला उठतं. मला तर त्याची ती स्प्रिंगांची हकीकतही ऐकावीशी वाटायला लागली होती, यावरून काय ते ओळखा.

वहिनी गॅरेजवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "अहो, आता भंगारात घाला ती. नाहीतर ठेवून जा, बघू सवडीनं."

'बघू' म्हणाला, आणि तिथंच त्याचं काम गेलं. वहिनी परस्पर सुट्या भागांच्या दुकानात गेली आणि नव्या स्प्रिंगांची जोडी, जॅक आणि लोखंडी स्टँड घेऊन आली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, स्प्रिंग उडून थोबाडावर बसली म्हणजे?"

"पुढच्या उडतात," ती म्हणाली. "हिच्या मागच्या नाही उडत. ॲक्सल, चाकांमधला तो दांडा, हळूहळू खाली घेतला की त्या आपोआप सैल पडतात. दुकानदाराला खोदून खोदून विचारलंय मी, वन्सं."

'वन्सं' ती मला फक्त वाद संपवायचा असला की म्हणते.

रविवारी सकाळी तिनं दादाचा जुना शर्ट चढवला, केस बांधले आणि खिशात कापडावर खुणा करायचा खडू टाकला. पुढच्या चाकांना विटांची अडण लावली. मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर ठेवली आणि मला म्हणाली, "ढकल." मी ढकलली. "अजून जोरात. आत्ता पडली तर चालेल, मी खाली असताना नको." गाडी हलली नाही. मग तिनं चाकं काढली, ॲक्सलखाली जॅक घेतला आणि शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट सोडवायला बसली. बसली ती बसलीच. गंजून ते बोल्ट गाडीशी एकजीव झाले होते. तेल घालून झालं, हातोडीनं ठोकून झालं, दोघींनी मिळून पाना ओढून झाला. शेवटी तिनं पान्याच्या दांड्यात पाण्याचा जुना पाइप अडकवला आणि त्यावर उभी राहिली. करकर करत बोल्ट फिरला, तशी मी टाळ्या पिटल्या. टाळ्या ऐकून खिडकीत दादाचा चेहरा आला आणि पुन्हा आत गेला.

जॅक एकेक दात खाली आला. मोडक्या स्प्रिंगेचा तुकडा खणकन फरशीवर पडला. उरलेली काढायच्या आधी वहिनीनं तिच्यावर खडूनं खुणा केल्या: वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं, स्प्रिंगेच्या तारेचं टोक कुठल्या दिशेला. "हे माझं माप," ती म्हणाली. नव्या स्प्रिंगा तिनं तंतोतंत तशाच बसवल्या. ॲक्सल वर घेतला, बोल्ट लावले, चाकं चढवली, गाडी खाली उतरवली. गाडीनं बूड उचललं होतं! मला वाटलं, जिंकलो. वहिनीनं डिकीवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं.

कट्.

पुन्हा दाबलं. पुन्हा कट्. नव्याकोऱ्या स्प्रिंगा आणि तोच जुना आवाज.  वहिनीनं गाडी परत उचलली, चाक परत काढलं आणि समोर फतकल मारून बसली. बिघडलेल्या कपड्याकडे ती अशीच बघते. पण कपडा उसवता येतो. इथं काय उसवायचं तेच तिला कळेना. तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले आणि मला त्या गाडीचा भयंकर राग आला.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. भिंत धरत, एकेक पायरी उतरत दादा अंगणात आला होता. तो आवाज त्यानं खिडकीतून ऐकला होता. मी धरायला धावले, त्यानं हातानंच मला थोपवलं. गाडीपाशी येऊन तो चाकाच्या जागी दिसणाऱ्या स्प्रिंगेकडे बघत राहिला.

"अगं, तिच्यावरची अक्षरं उलटी दिसतायत," तो म्हणाला.

खरंच की! स्प्रिंगेवर पांढऱ्या रंगात छापलेला नंबर डोकं खाली, पाय वर करून उभा होता. जुनीवरचा गंजून केव्हाच गेला होता.

"तुम्ही बसवल्या होत्यात तशाच बसवल्यात मी," वहिनी म्हणाली. "खुणा करून."

 दादा कान खाजवत म्हणाला, "तेव्हाही अक्षरं उलटीच होती. मला वाटलं, छापणाराच गाढव आहे."

वहिनीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मोडक्या तुकड्याकडे, मग परत त्याच्याकडे. "म्हणजे ती खोड गाडीची नव्हतीच," ती म्हणाली, आणि जी हसायला लागली! मी हसले, दादाही हसला, एका हातानं पाठ आणि दुसऱ्यानं गाडी धरून. "हसवू नका गं, दुखतंय," म्हणत हसत राहिला. मी आतून खुर्ची आणली. पुढचं काम त्यानं खुर्चीतून पाहिलं आणि वहिनीनं केलं. स्प्रिंगा सुलट झाल्या, आणि तारेचं टोक रबरी बैठकीच्या खाचेत असं चपखल बसलं, जणू बटण काजात. जुना कपडाच चुकीचा शिवलेला असला तर मापही चुकतं, असं ती पुढे गिऱ्हाइकांनाही ऐकवू लागली. गाडी पुन्हा खाली आली. वहिनीनं डिकी दाबली. मीही दाबली. आवाज नाही म्हणजे नाही.

काळे हात पुसत तिनं पुढचं दार उघडलं आणि दादाकडे बघत उभी राहिली. बस, असं ती म्हणाली नाही. दादा बराच वेळ त्या सीटकडे बघत होता. मग खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठला, आणि बसला.

गतिरोधक जवळ आला तसे मी डोळे मिटून घेतले. गाडी अलगद वर गेली, अलगद खाली आली. वहिनीनं गाडी मोठ्या रस्त्यावर घेतली, मग मुद्दाम गोदामांमागच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर.

"दुखतंय का?" तिनं विचारलं. उत्तर आलं नाही. "अहो, दुखतंय का?" काहीच नाही.  मी मागून पुढे वाकून पाहिलं.

"झोपलाय," मी कुजबुजले. "तोंड उघडं टाकून घोरतोय."

वहिनीनं मान वळवून एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे लक्ष दिलं. मला इतका आनंद झाला होता की तिला मिठी मारावीशी वाटत होती, पण ती गाडी चालवत होती. फिरून फिरून आम्ही घराजवळ आलो. गल्ली आली. वहिनी वळली नाही.

"अगं, गल्ली मागे राहिली," मी म्हटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पेट्रोल आहे अजून."