सोवळ्यातलं प्रेत

“आडनाव काय तुमचं?”

मी ग्लोव्हज चढवत होते. समोर टेबलावर विचारणाऱ्याची आई. पुण्याहून लेकाकडे हैदराबादला राहायला आली आणि इथेच गेली. विमानाने परत न्यायची तर प्रेतात औषध भरल्याचं सर्टिफिकेट लागतं. “बाईच हवी,” असं त्यानेच सांगितलेलं. मला मराठी बोलताना ऐकून खूशसुद्धा झाला होता.

मी आडनाव सांगितलं.

त्याचा चेहराच बदलला. “दुसरं कोणी नाही का? आई जन्मभर सोवळ्यात राहिली हो. निदान शेवटी तरी...”

अठरा वर्षं या मेडिकल कॉलेजात मी प्रेतं टिकवते. फुगलेली, सडलेली, सगळी हाताळली. कधी ओकारी आली नाही. त्या दिवशी आली.

“अम्मा, जरा बाहर बैठो. मैं कर लेतूं,” आमचे डॉक्टर म्हणाले. आणि मी गेले. मुकाट्याने बाकावर जाऊन बसले. त्याची किळस आलीच, पण जास्त आली ती माझी मला.

डॉक्टर पोरांना हे फळ्यावर शिकवतात. हात लावून किती वर्षं झाली, कोण जाणे. फॉर्मलिन, म्हणजे ते भरायचं औषध, मांसाला घट्ट करतं, उकळत्या पाण्यात अंडं होतं तसं. म्हणून पाणी, ग्लिसरीन, स्पिरिट घालून पातळ करायचं, सावकाश सोडायचं. यांनी घाईत कडक सोडलं. वासाने बाकावर माझे डोळे चुरचुरले. तासाभराने डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले. मांडीतली नस तोंडाशीच आवळलेली, पुढे थेंब जाईना. मे महिना, पोट हिरवट पडायला लागलेलं.

“पीछे के दरवाजे से आ जाओ. उनको मैं चाय पिलाने ले जातूं.”

म्हणजे हात माझेच हवेत, फक्त दिसायला नकोत. शी!

“नहीं सर. सामने से आतूं.”

तडक त्या मुलापुढे जाऊन उभी राहिले. “काम मी करणार, तुमच्या डोळ्यांदेखत. सर्टिफिकेटवर डॉक्टरांच्या सहीशेजारी माझं पूर्ण नाव जाणार, आडनावासकट. नको असेल तर न्या आईला अशीच.”

“पुण्यात सगळे बघतील हो तो कागद.”

“बघू देत.”

त्याने घड्याळ बघितलं. मग मान डोलावली.

मी मानेतली नस धरली. पातळ द्रावण सोडत राहिले, तिची बोटं चोळत राहिले, तळव्यांवर द्रावणाचा रंग उतरेपर्यंत. म्हातारीचा राग आला नाही असं म्हणणार नाही. तिनेही आडनावच विचारलं असतं. पण काम चोख केलं.

संपल्यावर त्याने खिशातून छोटी बाटली काढली. गंगाजल. मी उभी असतानाच, माझे हात जिथे जिथे लागले तिथे शिंपडत गेला. मी बघत राहिले. मान खाली घातली नाही. मग ठळक अक्षरांत नाव लिहिलं, कागद प्लॅस्टिकमध्ये घातला आणि शवपेटीवर चिकटवला. त्याचं पाणी लागू नये म्हणून.

आता टेबलावर कोणीही येऊ दे. आधी कागदावर नाव लिहिते, आडनावासकट. ग्लोव्हज मग.